कर्नाळ्याच्या शेजारी मुक्काम

मुलांनो, पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत तुमचे मामू किंवा खाला राहतात का? राहत असतील, तर पावसाळ्यात दोन दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला जा. उंच इमारती व माणसांची वर्दळ पाहून जवळच जंगल असेल, असे वाटत नाही. पण पनवेलहून पेणकडे सुमारे १२ किलोमीटर गेले, की कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. ते १९६८ साली स्थापन झाले.

तेथे सकाळी लवकर जा. त्या वेळी पक्षी जास्त दिसतात.

जून महिन्यात तेथे तिबोटी खंड्या येतो. हा रंगीत पक्षी चिमणीहून लहान असतो. ओढ्याकाठच्या मातीत तो चोचीने बीळ खणतो. त्या बिळातच मादी अंडी घालते. पिल्ले बाहेर आली, की नर व मादी दोघेही पाली, बेडूक आणि किडे आणून त्यांना भरवतात. मात्र घरट्याजवळ माणसे थांबली, तर ते घाबरतात. चोचीत घास असूनही बिळाकडे जात नाहीत. आत पिल्ले उपाशी राहतात. म्हणून फोटो काढण्यासाठीही घरट्याजवळ जाऊ नका. लांबूनच, शांतपणे पाहा.

पाहुण्याने घरच्या माणसांना त्रास देऊ नये, हे तुम्हांला ठाऊक आहे. जंगलात आपण पाहुणेच असतो.

स्वाध्याय
१. तिबोटी खंड्या घरटे कोठे करतो?
२. घरट्याजवळ का थांबू नये?