महिन्यामागचं पाणी

कावीळ झाली, की घरात पहिली चौकशी होते ती कालच्या पाणीपुरीची. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीतही तेच झालं. श्रावणात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचे डोळे पिवळे झाले आणि दोष कोपऱ्यावरच्या भेळवाल्याच्या माथी गेला. पाठोपाठ तळमजल्यावरचे आजोबा आजारी पडले, ते तर बाहेरच्या चहालाही शिवत नाहीत. तरी बोलणं भेळेवरच! आमच्या डॉक्टरांनी मात्र वेगळं विचारलं, "महिन्यापूर्वी तुमच्याकडे पाणी कसं येत होतं?"

पाण्यातून येणारी कावीळ दोन विषाणूंची, हेपॅटायटिस ए आणि ई. ए शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत सरासरी २८ दिवस जातात, कधी १५, कधी ५०. ईलाही दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे श्रावणातल्या काविळीचं मूळ आषाढातल्या पाण्यात शोधायचं. हा हिशेब ठाऊक नसला, की भेळवाला बदलतो आणि टाकी तशीच राहते. बरं, ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. त्यामुळे हातावर चुन्याचं पिवळं पाणी काढून 'कावीळ उतरवणाऱ्या'लाही फुकटचं श्रेय मिळतं. पण हेपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकतो. घरात गरोदर सून-मुलगी असेल तर उतरवण्यात एक दिवसही घालवू नका, दवाखाना गाठा.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही तीन ठिकाणचं पाणी एच-टू-एस बाटल्यांत भरलं : महापालिकेच्या नळाचं, पार्किंगखालच्या अंडरग्राउंड टाकीचं आणि गच्चीवरच्या टाकीचं. या बाटलीत पाणी भरून ती घरातच एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शक्यता. नळाची बाटली जशीच्या तशी राहिली, उरलेल्या दोन्ही काळ्या झाल्या. अंडरग्राउंड टाकी उपसल्यावर कारण समोर आलं. ड्रेनेजच्या चेंबरकडची भिंत ओली होती आणि झाकण फरशीच्या पातळीला, म्हणजे गाड्या धुतलेलं पाणीही आतच. पहिल्या जोरदार पावसात चेंबर तुंबला होता, हे मग सगळ्यांना आठवलं.

नाशिककरांना गंगापूर धरणाचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत पडलेला पाऊस आपल्याला जवळून मिळतो. पण जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी तोंडापर्यंत तसंच पोहोचेल, ही समजूत भाबडी आहे. नळ दिवसातून काही वेळच सुटतो. उरलेल्या वेळी वाहिनीत दाब नसतो आणि गटाराशेजारची गळती आतून बाहेर न होता बाहेरून आत होते. त्यात काही घरं थेट नळाला मोटार लावतात. त्यांना वाटतं आपण पाणी ओढतोय; ओढलं जातं ते सांध्यांतून गटारही, आणि शेजाऱ्यांच्याही वाट्याला येतं. पाणी सुटल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी झाडांना जाऊ द्या. मोटार हवीच असेल तर ती टाकीवर, नळावर नाही.

पाणी वाटेत बिघडलं का, हे ओळखायला ओटी चाचणीची छोटी बाटली पुरते. ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी ती वापरतात. नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर पाण्याची राखण संपलेली आहे, असं धरून चाला. आमच्या अंडरग्राउंड टाकीच्या पाण्याला रंग आला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आरओ होता, आणि तिथेच माझं लक्ष अडकलं. आरओ विषाणू अडवतो, मग कावीळ आली कुठून? तिथल्या वहिनींना विचारत गेलो तसं कळलं. कोथिंबीर, काकडी टाकीच्या नळाखाली धुतली जायची, दात घासायचं पाणीही तेच. शिवाय आरओचं पाणी स्टीलच्या पिंपात साठवून त्यात पेला बुडवला जायचा. यंत्रातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणून या पाण्याला स्वतःचं संरक्षण उरत नाही. एका न धुतलेल्या हाताने ते नळाच्या पाण्यापेक्षा लवकर बिघडतं. बारा-पंधरा हजारांचं यंत्र घेणारी माणसं दोनशे रुपयांच्या ओगराळ्यासाठी का अडतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. पिंपाला तोटी बसवा किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. माठालाही तोटी हवी. तळाशी साठलेल्या पाण्यावर नवीन पाणी ओतू नका. आधी रिकामं करून घासा.

विक्रेता दोन सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडतो आणि नळाचं पाणी तपकिरी करून दाखवतो, त्याला भुलू नका. तो गंज सळईच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्यामुळे वीज जेमतेम वाहते, म्हणून ते स्वच्छ दिसतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. पाण्याची नासाडी हे त्यामागचं मोठं कारण. धरणाच्या पाण्याला साधा गाळणी-यूव्हीचा संच बहुधा पुरतो. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. ते आधी प्रयोगशाळेत तपासा. थंड जारचं पाणी थंड आहे एवढंच खरं. गारव्याने जंतू मरत नाहीत.

साथीच्या दिवसांत उकळण्याला पर्याय नाही. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून गार करा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, पण गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवली तर क्लोरीनचं काम सोपं होतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम आणि वर अर्धा तास थांबायचं. पावडरीची पिशवी पावसाळ्यात उघडी राहिली की तिचा जोर जातो. आणि क्लोरीनवर फार विसंबूही नका. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतलं सांडपाणी पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत आलं. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवल्याने टायफॉइडची साथ टळली, पण सुमारे २९ हजार जणांना कावीळ झालीच. आणि पाण्याची शंका काविळीपुरतीच नसते. पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागांत गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पुन्हा पाण्याकडेच गेला.

आमच्या टाकीची भिंत आतून दुरुस्त झाली, झाकणाला फरशीपासून वीतभर उंच कठडा आला. ब्लीचिंगचं तीव्र पाणी रात्रभर ठेवून सकाळी सोडून दिलं, मगच टाकी भरली. खर्चावरून सभा तापली, "आमच्याकडे आरओ आहे, आम्ही वर्गणी का द्यावी?" असंही एकाने विचारलं. टाकी धुण्याची तारीख आता मेअखेर ठरली आहे, पावसाच्या आत. गच्चीच्या टाकीच्या हवेच्या नळीलाही बारीक जाळी लागली. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. ती जाळी कावळे उचकटतात, म्हणून दर शनिवारी कोणीतरी वर जाऊन बघतं.