वायदा पाळणारे शिलाईचे दुकान
प्रश्न : उकवा या मँगनीज खाणीच्या गावातील छोट्या शिलाई दुकानाचे वायदे चुकतात. उपाय काय?

उत्तर : दोष बहुधा कारागिरीत नसून नोंदीत असतो. मुंबईच्या डबेवाल्यांची १८९०च्या सुमारास सुरू झालेली सेवा डब्यावरील रंग-अंकांच्या खुणेवर चालते. शिलाईतही तेच साधते : वहीतला क्रमांक चिठ्ठीवर आणि कापडाला टाचलेल्या चिंधीवर एकच असावा, माप, आगाऊ रक्कम, तारीख त्याच ओळीत. खरी मेख तारखेत आहे. दिवसाला चार कपडे होत असतील, तर पाचवा दुसऱ्या दिवशी लिहावा, गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो. तिथल्या मॉयल कंपनीच्या खाणीतला कामगार पाळी सांभाळून कपडे न्यायला येतो. त्याची फेरी फुकट जाणे हा अन्यायच. उशीर होणार असेल, तर आदल्या दिवशी फोन करावा.