प्लास्टर निघण्याआधी

जन्मतः आत वळलेल्या पावलावरचा उपचार आता बराच सोपा झाला आहे, आणि घरच्यांची गफलत नेमकी त्यामुळेच होते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवलेल्या पद्धतीत पाऊल हाताने हळूहळू सरळ करत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. पाच-सहा प्लास्टरं झाली की बहुतेक बाळांची टाचेमागची आखडलेली शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, छोट्याशा छेदातून मोकळी करतात आणि शेवटचं प्लास्टर साधारण तीन आठवडे ठेवतात. घरात याला ‘ऑपरेशन’ म्हणतात. ऑपरेशन झालं म्हणजे मोठं काम आटोपलं, आता फक्त प्लास्टर निघायची वाट पाहायची, असं सगळेच धरून चालतात. मला हे धोक्याचं वाटतं. पुढची चारेक वर्षं बाळाला रोज रात्री दांडीचे बूट, म्हणजे एका दांडीने जोडलेले दोन बूट, घालायचे असतात आणि त्याची घडी याच तीन आठवड्यांत बसवावी लागते. आमच्या घराने हा काळ निभावला आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

कापलेली शीर तीन आठवड्यांत वाढीव लांबीवर पुन्हा जुळते, प्लास्टर त्याचसाठी असतं. पण पाऊल आत ओढणारा जोर तेवढ्याने संपत नाही. बाळ झपाट्याने वाढत असतं आणि वाढीच्या त्या वर्षांत पाऊल पुन्हा वळू शकतं. पोन्सेटी पद्धतीनंतर पाय पुन्हा वाकडा झालेल्या मुलांचे जे अभ्यास झाले, त्यांत एक कारण सारखं समोर येतं: बूट घालणं सुटलं. वेळापत्रक साधं आहे. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास बूट पायात, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या सुमारे चार वर्षांपर्यंत. प्लास्टर निघालं त्याच दिवशी बूट चढले पाहिजेत, म्हणून त्यांचं माप आणि मागणी प्लास्टर पायात असतानाच उरकावी. ‘निघाल्यावर बघू’ म्हटलं की आठवडा कसा जातो कळत नाही. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार येतो आणि अनेक सरकारी रुग्णालयांत बुटांची सोय मोफत होते. आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात आधीच चौकशी करावी.

आता प्लास्टरची देखभाल. लोक प्लास्टर न्याहाळत बसतात, खरं तर बोटं बघायला हवीत. प्लास्टर जांघेपर्यंत असतं, गुडघा दुमडलेला असतो आणि पुढे फक्त बोटांची टोकं दिसतात. ती गुलाबी आणि कोमट हवीत. अंगठा हलकेच दाबून सोडला की पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. काल दिसत होती ती बोटं आज प्लास्टरच्या आत गेली असतील तर प्लास्टर खाली सरकलं आहे. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट बघू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण सरकलेल्या प्लास्टरात मिळालेली सुधारणा जाते आणि कातडीही सोलते. टाचेपाशी रक्ताचा छोटा डाग उमटतो, त्याला घाबरायचं कारण नाही. त्याच्याभोवती पेनाने रेघ मारून ठेवावी, डाग रेघेबाहेर पसरत गेला तर डॉक्टरांना कळवावं. बोटं निळी किंवा थंड पडणं, आतून घाण वास येणं, ताप येणं किंवा पाजूनही न थांबणारं रडणं, यातलं काहीही झालं तर थांबू नये. आंघोळ नाहीच, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. लंगोटाची कड प्लास्टरच्या वरच राहील अशी बांधायची आणि ओला लंगोट लगेच बदलायचा. पोटरीखाली दुपट्याची गुंडाळी द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते आणि तिच्यावर भार येत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी मांडीत देतात आणि मांडी तर प्लास्टरात असते. लसीची तारीख हाडांच्या डॉक्टरांना आणि प्लास्टरची तारीख नर्सताईंना सांगितली, तर मार्ग निघतो. लस मात्र बुडवू नये.

घरातून हरकती येतात आणि त्या प्रेमापोटीच येतात. शेवटच्या प्लास्टरात पाऊल चांगलंच बाहेरच्या बाजूला फिरवलेलं असतं. ते पाहून आजी म्हणते, आधी आत होता, आता बाहेर वाकडा केला. ते मुद्दाम केलेलं असतं. बुटातही ते पाऊल तसंच बाहेर धरलेलं असतं आणि चालायच्या वयापर्यंत सरळ दिसू लागतं. तेल-मालिशने जमलं असतं, असंही कुणी सुचवतं. मालिशला माझा विरोध नाही, पण आखडलेली शीर तिने लांबत नाही. बाळाच्या आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे बोलणं तर घरात उच्चारूही देऊ नये. त्याला कसलाही आधार नाही, आणि ज्या बाईला रोज रात्री बूट बांधायचे आहेत तिचंच मन त्याने खचतं. सगळ्यात अवघड हरकत रडण्याची. बुटांच्या पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतं हे खरं, कारण पाय एकेकटे झाडता येत नाहीत. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे-सरळ करायचे, हा खेळ केला की त्याला ते उमगतं. रडण्यामागे काही दुखणं नाही ना, हे पाहायला बूट काढून टाच जरूर बघावी. टाचेच्या मागे लालभडक डाग असेल तर बूट सैल आहे आणि पाय आत घसरतो आहे. डाग नसेल तर बूट पुन्हा घालावेत. नाही तर रडलं की सुटका होते, हे बाळ फार लवकर शिकतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा हातावर पोट असलेल्या घरांना हे सगळं सांगणं सोपं आणि करणं कठीण, हे मी मान्य करते. निघायचा महिना डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा, म्हणजे पुढच्या मापाचे बूट आणि जिथे जाणार तिथल्या जवळच्या दवाखान्याचं नाव मागून घेता येतं. हा भार एकट्या आईवर टाकून मात्र चालत नाही. ती आजारी पडली, माहेरी गेली, रात्रपाळीला गेली की बूट कोनाड्यात राहतात. म्हणून शेवटचं प्लास्टर काढायला जाताना घरातल्या दोघांनी तरी जावं, आणि टाच तळाला टेकली की नाही हे कसं ओळखायचं, मधला पट्टा आधी का आवळायचा, हे दोघांनीही डॉक्टरांसमोर आपल्या हाताने करून बघावं.