शाळा सुटल्यानंतरचे गुरुजी

शिक्षकाने शाळेबाहेर काही वावगे केल्याची बोंब उठली की संस्थाचालकांच्या बैठकीत पहिला सूर निघतो, ‘काढून टाका.’ अशी प्रकरणे पाहत आल्यावर माझे मत ठाम झाले आहे: त्या वर्तनाने मुलांच्या सुरक्षिततेला किंवा शिकवण्याच्या कामाला थेट धक्का बसत असेल, तरच नोकरीला हात लावावा. नुसती बदनामी हे कारण होऊ शकत नाही. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस यांचे प्रकरण याच चुकीचा धडा आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरा घेऊन माणसे त्यांच्या घरात घुसली, एका पुरुषाबरोबरचे त्यांचे खासगी क्षण टिपले गेले आणि विद्यापीठाने लगोलग त्यांना निलंबित केले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. खासगी वर्तनाचा नोकरीशी ठोस संबंध असल्याशिवाय ते गैरवर्तन ठरत नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. आठवडाभरातच सिरस घरी मृतावस्थेत सापडले. न्याय मिळाला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

यावर हमखास म्हटले जाते की शिक्षक हा आदर्श असतो, त्याला वेगळी मोजपट्टी हवी. हवीच, पण तिला टोक हवे. नाहीतर आज दारू पिणारा, उद्या घटस्फोट घेणारी, परवा गावच्या पुढाऱ्याविरुद्ध बोलणारा, असे सगळेच तिच्यात सापडतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुराव्याची वाट पाहताना एखाद्या मुलाचे नुकसान झाले तर? मुलाशी केलेले गैरवर्तन कुठेही, कोणत्याही वेळी घडो, ते ‘शाळेबाहेरचे’ नसतेच. रात्री विद्यार्थिनीच्या खोलीकडे गेलेल्या नवोदय विद्यालयातील शिक्षकाची सेवासमाप्ती सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि मुलीला उलटतपासणीला उभे न करणेही योग्य ठरवले. संशय गंभीर असेल, तर चौकशी होईपर्यंत शिक्षकाला वर्गापासून दूर ठेवता येते. ती खबरदारी आहे. तिलाच शिक्षा समजू नये.

म्हणून संस्थाचालकांना माझे सांगणे असे: ठराव लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवा. मुलांशी किंवा कामाशी नेमका संबंध काय? पुरावा कोणता? ताकीद किंवा वेतनवाढ रोखणे पुरेसे का नाही? ‘नैतिक अधःपतन’ हे शब्द नियमांत आहेत, पण त्यांच्या आड कृत्य न सांगता माणूस घालवता येत नाही. महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठीचा 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 चे नियम कायम शिक्षकाला लेखी आरोपांची आणि चौकशी समितीची हमी देतात. त्या समितीत त्याचाही एक प्रतिनिधी असतो. शिक्षकांनाही एक सांगणे आहे. ‘प्रकरण वाढवू नका, राजीनामा द्या’ या गोड दबावाला बळी पडू नका, आरोप लेखी मागा, आपला प्रतिनिधी वेळेत सुचवा. बडतर्फीचा आदेश हाती पडलाच, तर शाळा न्यायाधिकरणात अपिलासाठी 30 दिवस असतात. ते गावात खुलासे करत फिरण्यात घालवू नका. पहिल्याच आठवड्यात वकील गाठा.