शिंदळ माकुडी : कड्यावरील वेलीची निगा

शाहूवाडीच्या मुसळधार पावसात वाढलेल्या आपणांस झाड म्हटले की प्रथम पाणी आठवते. त्यामुळे कड्यावरून लोंबणाऱ्या मांसल वनस्पतींची निगा राखताना आपण हमखास चुकतो. शाळेच्या व्हरांड्यातील शिंदळ माकुडीने आम्हांस हा धडा दिला.

रुईच्या कुळातील ही दुर्मीळ वनस्पती केवळ महाराष्ट्रात आढळते. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. जुन्नरजवळील शिवनेरीचे कडे हे तिचे प्रसिद्ध वसतिस्थान. त्याच डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पाऊस सरला की कातळावर पाणी टिकत नाही. म्हणून तेथे पोढी, म्हणजे पाण्याच्या टाक्या, कोरल्या गेल्या. जुन्नरच्या एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढींचे दान दिल्याची नोंद आहे. माणसांनी पाणी खडकात साठविले. माकुडी ते खोडात साठविते. पावसाळ्यात तिला पाने फुटतात आणि पिवळ्या ठिपक्यांची, किरमिजी रंगाची, चांदणीसारखी फुले येऊ लागतात. उन्हाळ्यात पाने गळून केवळ खोड उरते. ते मेलेले नसते, विश्रांती घेत असते.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांना पहिल्या वर्षी वसतिगृहातील मुलांनी मायेने रोज पाणी घातले. श्रावण सरण्यापूर्वी खोडे बुंध्याशी कुजली. मुले हिरमुसली, परंतु चूक आम्हां शिक्षकांची होती. वाचलेल्या एका फांदीपासून आम्ही पुन्हा आरंभ केला.

फांदी कापल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्यावी. तळाला भोक असलेल्या टांगत्या कुंडीत जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे व थोडे कुजलेले शेणखत भरून ती लावावी. कुंडीस सकाळचे ऊन मिळावे. पावसाळ्यात मात्र ती छपराखालीच असावी. माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे आणि पानगळीनंतर ते अगदी कमी करावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावा.

कड्यावरील रोप मात्र कोणीही उपटू नये. त्या एका फांदीची आज शाळेत सहा कुंड्यांत रोपे आहेत. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी यावे, एकेक फांदी न्यावी आणि पुढे आणखी कोणास तरी द्यावी.