'विनोदी लेखक' : एका शब्दाची उलटतपासणी

गेल्या वर्षी वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे होते. "आज आपल्यामध्ये एक विनोदी लेखक बसले आहेत," असे मी म्हणालो मात्र, पाहुण्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच सभागृहात हशा पिकला. पाहुणेही हसले, पण आपण त्यांच्या लेखनाला नव्हे, त्यांनाच हसलो, हे मला टोचत राहिले. दोष माझा की शब्दाचा?

'विनोदी लेखक' यातील विशेषण लेखकालाच चिकटते. विनोदी लिहिणारा आणि स्वतःच विनोदी असणारा, असे दोन्ही अर्थ निघतात. 'ऐतिहासिक कादंबरीकार' या प्रयोगातही हीच गोम आहे. पण त्या कादंबरीकारास कोणी शिवकालातला समजत नाही! तेव्हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली, ती तेथेच राहिली. गोदावरीपलीकडच्या पैठणच्या नाथांची भारुडे ऐकताना आपल्याकडचा श्रोता पोट धरून हसतो. तरी नाथांना विनोदी लेखक म्हणण्यास कोणाची जीभ रेटणार नाही. गडकऱ्यांनी कवितेसाठी 'गोविंदाग्रज' आणि विनोदासाठी 'बाळकराम' अशी दोन वेगळी नावे घेतली, हेही येथे आठवते.

इंग्रजीतही प्रारंभी असाच घोटाळा होता. 'ह्यूमर' हा मूळचा शरीरातील द्रवांचा वाचक शब्द. द्रवांच्या कमीअधिक प्रमाणावर स्वभाव ठरतो, अशी समजूत होती. बेन जॉन्सनने १५९८ मध्ये 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' हे नाटक आणले, तेथे हाच अर्थ आहे. 'ह्यूमरिस्ट' म्हणजे तेव्हा लहरी, विक्षिप्त मनुष्य. लोकांनी ज्याला हसावे तो. हसविणाऱ्या लेखकासाठी तो शब्द पुढे रूढ झाला.

हिंदीने 'व्यंग्यकार' हा शब्द पत्करला. हरिशंकर परसाईंना १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो व्यंग्यलेखनासाठीच. गुजरातीत 'हास्यलेखक' आहे. परंतु मला सर्वांत भावतो तो उर्दूतील 'मिज़ाहनिगार'. मिज़ाह म्हणजे विनोद, निगार म्हणजे लिहिणारा, रेखाटणारा. कथा लिहिणारा जसा अफ़सानानिगार, तसाच हा. पंगतीत त्याचा पाट खाली नाही. गुलबर्ग्याकडचे मुज्तबा हुसैन (१९३६–२०२०) याच नावाने ओळखले गेले आणि २००७ मध्ये पद्मश्री झाले.

ही भाषा आपल्याला परकी नाही. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता व कारभार उर्दूत चाले. फारसीचा 'नवीस' तर मराठीने त्याआधीच घेतला होता. त्यातून फडणवीस झाले, चिटणवीस झाले. विनोदनवीस मात्र कोणी झाला नाही.

मराठीत 'विनोदकार' हा शब्द आहे. नाटककार, कथाकार यांच्या बरोबरीने तो शोभतो. यंदाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी मी मुद्दाम तोच लिहून दिला. छापून आले, 'विनोदी कलाकार'.