शाळकरी वय आणि खर्ऱ्याची पुडी

तंबाखूचे व्यसन म्हटले की धूम्रपानाचेच चित्र डोळ्यांपुढे येते. विदर्भात, आणि विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, हे चित्र अपुरे आहे. पुसद, वणी वा पांढरकवडा येथील कोणत्याही पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली खर्ऱ्याची पुडी मिळते. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करीत, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेत. केवळ सिगारेटविरुद्ध दिलेला पाठ येथील विद्यार्थ्याला परका वाटल्यास नवल नाही.

दक्षिण-पूर्व आशियातील देशांत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी होते, तिच्यातील एक प्रश्न शिक्षकांनी ध्यानी घ्यावा असा आहे. ज्याने तंबाखूला कधी स्पर्शही केलेला नाही, अशा मुलास विचारतात : जिवलग मित्राने दिल्यास घेशील काय? ‘मुळीच नाही’ याखेरीज कोणतेही उत्तर, अगदी ‘बहुधा नाही’ हेसुद्धा, तो मुलगा व्यसनाला वश होण्याचा संभव दर्शविते. तंबाखूने कर्करोग होतो हे बहुतेकांना पाठ असते. पण माहिती असणे आणि नकार देता येणे या भिन्न गोष्टी होत. भारतात २०१९ साली या वयातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू घेत असल्याचे आढळले.

हा ‘बहुधा’ येतो कोठून? बऱ्याचदा घरातूनच. वडीलधाऱ्यांसाठी पुडी आणावयास पोरालाच धाडले जाते. गुरुजींच्या खिशात पुडी असेल, तर फळ्यावरील धड्याचे काय होणार, हे सांगावयास नको.

शिवाय नुसती सुपारीही निरुपद्रवी नव्हे. तिच्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगाची पूर्वावस्था असून ताठरलेली त्वचा सहसा पूर्ववत होत नाही. तोंडात तीन बोटे उभी शिरत नसतील, तर त्या मुलास दंतवैद्याकडे न्यावे.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकता येत नाही, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करता येत नाही. हे अंतर फाटकापासून रस्त्याने नव्हे, तर आवाराच्या कुंपणापासून चोहोबाजूंनी सरळ मोजावयाचे असते. ग्रामपंचायत सदस्यांनी मुख्याध्यापकांसह फीत घेऊन ते एकदा मोजावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; ‘देणारा’ या शब्दात केवळ दुकानदारच येतो असे नाही.